पायी बाजारहाट

नव्या शहराला इतिहास नसतो, अशी एक समजूत आहे. पुण्याला शनिवारवाडा आहे, पनवेलला जुने बंदर आहे. मग तुमच्या नवी मुंबईला काय आहे, असे पाहुणे विचारतात आणि आपणही हसून "आमच्याकडे सेक्टर आहेत" असे उत्तर देऊन मोकळ्या होतो. बेलापूरच्या किल्ल्याचे थोडे अवशेष सोडले, तर बोट दाखवून सांगावे असे जुने बांधकाम येथे फारसे नाही, हे खरेच. तेव्हा मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी इतिहासावर लेख लिहीत आहे असे कळल्यावर शेजारच्या वहिनींनी "कोणत्या राजाचा?" म्हणून विचारले, यात नवल नाही.

भगिनींनो, हा लेख कोणा राजाचा नाही. तो एका साध्या प्रश्नाचा आहे. या भूमीवर राहणारी बाई घरच्या कामासाठी बाहेर पडली, तेव्हा ती कशी गेली? दळण आणावयाचे आहे, मनिऑर्डर करावयाची आहे, औषध संपले आहे, बँकेत सही द्यावयाची आहे. ही कामे इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. परंतु शहर कोणासाठी बांधले गेले आणि कोणाच्या हातून निसटले, हे या किरकोळ कामांवरून जितके कळते तितके मोठ्या पुलांच्या उद्घाटनावरून कळत नाही, असे मला वाटते.

आरंभ आपल्या आधीच्यांपासून करू. आज ज्या जागेवर आपल्या इमारती उभ्या आहेत तेथे पूर्वी आगरी आणि कोळी लोकांची गावे, भातखाचरे, मिठागरे आणि खाडी होती. नवी मुंबईचा प्रदेश म्हणून जे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरविण्यात आले, त्यात ठाणे आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावे आली. वाशीगाव, जुहूगाव, तुर्भे, शिरवणे, करावे, दिवाळे ही नावे आज आपण बसच्या पाटीवर वाचतो. एके काळी ती बांधांवरून जाणाऱ्या पायवाटांनी एकमेकांस जोडलेली होती. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळीण आणि मिठागरावर राबणारी आगरी बाई यांना वाहन ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांच्यासाठी नव्हते. चालणे हा त्यांचा छंद नव्हता. डोक्यावर ओझे होते, पायांखाली चिखल होता आणि उशीर झाला तर मासळी उतरत होती. "पूर्वीच्या बायका किती चालायच्या!" असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा हे ओझे विसरू नये.

मोठ्या प्रवासाची गोष्टही तशीच. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारी मंडळी बहुधा होडीने पनवेल बंदराला उतरत आणि तेथून घाटाची वाट धरीत. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये झाला. घाटातून आगगाडी १८६३ मध्ये धावू लागली. यामधल्या काळातही सामान्य माणूस पायीच जाई. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फिटावे म्हणून काही द्रव्य मिळविण्याच्या आशेने चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले, ते चालतच. वाटेत बंडाची धामधूम उसळली, झांशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण त्याकडे बंडाची हकीकत म्हणून पाहतो. परंतु मुळात ती एका गरजू गृहस्थाच्या घरच्या कामाची हकीकत आहे. काम होते म्हणून तो चालला, आणि चालला म्हणून त्याने देश पाहिला.

मात्र विष्णुभटजींच्या गोष्टीत एक गोष्ट सहज निसटते. ते निघाले तेव्हा वाटेत त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. पुरुष रस्त्याने चालला तर त्यात पाहण्यासारखे काय? कष्टकरी बाईकडेही कोणी पाहत नसे, कारण तिच्या डोक्यावरची पाटी हाच तिचा परवाना होता. पण पांढरपेशा घरातील बाई स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या पायांनी, दिवसाढवळ्या रस्त्यावर आली की सारे गाव तिला पाहावयास उभे राही. पुण्यात १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेत शिकविण्यासाठी पायी जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर लोक शेण आणि चिखल फेकीत आणि त्या बदलावयास एक लुगडे बरोबर ठेवीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या प्रसंगाकडे आपण शिक्षणाचा प्रसंग म्हणून पाहतो. तो रस्त्याचाही प्रसंग आहे. चिखल फेकला गेला तो शाळेच्या वर्गात नव्हे. घर आणि शाळा यांमधल्या वाटेवर.

ज्यांचे माहेर आपल्या जवळच्या कल्याणचे, त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी यांनी मुंबईतील शाळेच्या दिवसांविषयी स्वतःच सांगून ठेवले आहे. हाती पुस्तके आणि पायांत बूट-मोजे घालून त्या शाळेस निघाल्या की लोक खिडकीतून डोके बाहेर काढून पाहत, काही जण त्यासाठी गाडी थांबवीत आणि रस्त्यातले काही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने हसत. पुढे १८८३ मध्ये त्या पतीविना अमेरिकेस गेल्या. सातासमुद्रांपलीकडे जाण्याचे धैर्य त्यांच्यात कोठून आले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला वाटते, घरापासून शाळेपर्यंतच्या त्या रोजच्या वाटेने त्यांना थोडे तरी तयार केले असावे.

म्हणून आपण पिशवी काखोटीला मारून "जरा जाऊन येते हं" म्हणून निघतो आणि कोणी खिडकी उघडत नाही, ही साधी गोष्ट नाही. ती आपल्याला मिळाली आहे. कोणीतरी ती चालून मिळविली आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. १९६५ मध्ये मुंबईत निघणाऱ्या 'मार्ग' या त्रैमासिकाचा एक अंक मुंबईच्या नियोजनाविषयी होता. खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर एक नवे शहर वसवावे, अशी कल्पना त्यात तिघांनी मांडली. वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया, अभियंता शिरीष पटेल आणि वास्तुशास्त्रज्ञ प्रवीणा मेहता हे ते तिघे. तिघांपैकी एक स्त्री होती, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या भगिनींनी विसरू नये. सरकारने ती कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि वाशीपासून कामास आरंभ झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी मोठी किंमत मोजली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आपल्या पायांखालची फरशी कोणाच्या खाचरावर बसविली आहे, याचे स्मरण असावे म्हणून हे लिहिले.

या नव्या शहराचा नकाशा कसा आखला गेला, हे पाहिले म्हणजे मौज वाटते. एकच मोठे शहर करावयाचे नाही. लहानलहान उपनगरे आगगाडीच्या आणि बसच्या मार्गावर मण्यांसारखी ओवावयाची आणि माणसाने घरून निघून थांब्यापर्यंत चालत जावे, असा तो विचार होता. उपनगराचे पुन्हा सेक्टर पाडावयाचे. १९२९ साली अमेरिकेत क्लॅरन्स पेरी नावाच्या गृहस्थाने शेजारवस्तीची एक कल्पना मांडली होती. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, शाळा मध्यभागी असावी, आणि मुलाला शाळेत जाण्यासाठी वाहत्या रस्त्याची भीती नसावी, असे तिचे सूत्र होते. त्या विचाराची छाया आपल्या सेक्टरांवर उघड दिसते. शाळा, बाग, दुकानांची रांग ही सारी आपल्याला घराजवळ सापडतात ती योगायोगाने नव्हेत. कोणीतरी नकाशावर कंपास ठेवून, एवढ्या अंतरावर मूल आणि त्याची आई चालत जाईल, असे मनाशी धरून ती रेखाटली आहेत.

याचा सर्वांत सुंदर नमुना पाहावयाचा असेल तर बेलापूरला सेक्टर ८ मधील 'आर्टिस्ट व्हिलेज' पाहावे. कोरियांनी ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभारली. सात घरांमध्ये मिळून एक लहानसे अंगण, सुमारे आठ मीटर लांब आणि तितकेच रुंद. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरांमध्ये त्याहून मोठे अंगण. घरातून निघालेली बाई प्रथम अंगणात येते, मग मोठ्या चौकात येते, मग रस्त्यावर. तेथे अंगणे मोजली आहेत ती माणसांच्या मापाने.

आम्ही वाशीस राहावयास आलो ते १९८२ मध्ये. खाडीवरचा पूल १९७३ पासून होता; आगगाडी मात्र १९९२ च्या मे महिन्यात आली. त्यामुळे मुंबईस जावयाचे म्हणजे बस, आणि गावातल्या गावात जावयाचे म्हणजे पाय. झाडे कंबरेएवढी होती, सावली नव्हती. पावसाळ्यात कडेची माती चपलेला चिकटून चप्पल दुप्पट जड होई. रॉकेलची रांग, रेशनची रांग, गॅसचा नंबर, पोस्ट, पिठाची गिरणी ही सारी पायी करावयाची. दळणाचा डबा या कमरेवरून त्या कमरेवर घेत आम्ही जात असू. या दिवसांना मी सोनेरी म्हणणार नाही. पाठ दुखत असे आणि रात्री दिवे नसत. पण एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. आम्हां बायकांची ओळख झाली ती त्या वाटेवर. तमिळ, गुजराथी, पंजाबी, मालवणी, वऱ्हाडी अशा नाना ठिकाणांहून आलेल्या, एकमेकींची भाषा धड न समजणाऱ्या आम्ही गिरणीवर नंबर लावून उभ्या राहिलो आणि तेथे बोलू लागलो. कोणाच्या मुलाला गोवर आला आहे, कोणाचे यजमान रात्रपाळीला आहेत, हे त्या गिरणीवर कळे. महिला मंडळे पुढे निघाली; त्यांचे पहिले सभासद असे रस्त्यावरच नोंदले गेले होते.

मग वाहने आली, आणि त्यांनी बायकांचे पुष्कळ भले केले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी कायनेटिक होंडा बाजारात आली. किक मारण्याची कसरत संपली. मुलाला शाळेत सोडून, कचेरी गाठून, संध्याकाळी भाजी घेऊन घरी येणारी बाई त्या गाडीमुळे दिवसाचा एक तास वाचवू लागली. तो तास तिचा हक्काचा होता. १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि आणखी काही वर्षांनी मध्यम स्थितीच्या घरासमोरही मोटार उभी राहिली. आपल्या शहराचे रस्ते मुंबईच्या मानाने रुंद. त्यामुळे गाडी चालविण्याचे सुखही येथे अधिक. महानगरपालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली, १९९६ मध्ये तिच्या बसगाड्या धावू लागल्या. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे ११ लाख लोक मोजले गेले.

वाहन प्रथम दूरच्या कामासाठी आले आणि हळूहळू जवळच्या कामावर येऊन बसले. पंढरीच्या वारीला शेकडो मैल पायी जाणारा आपला समाज कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी बाहेर काढू लागला. दुकानेही ते ओळखून दूर आणि मोठी झाली. गाड्या वाढल्या तशी त्यांना उभे राहण्यास जागा हवी झाली. आणि सर्वांत गरीब, तक्रार न करणारी जागा म्हणजे पदपथ. त्यावर एक चाक चढले, मग दोन चढली. कोपऱ्यावर दुकानाची पाटी आली. इमारतींच्या फाटकांपुढे गाडीला सोयीचे उतार झाले, म्हणजे पायी जाणाऱ्याला दर पन्नास पावलांवर चढउतार झाला. स्टेशन महामार्गाच्या एका बाजूला आणि जुने सेक्टर दुसऱ्या बाजूला, ही वाशीची अडचण पहिल्यापासूनची. वाहने वाढली तशी ती अधिक जाणवू लागली. चालण्यासाठी आखलेल्या शहरात चालणारा पाहुणा ठरला.

याचा अर्थ काय होतो, हे मला तीन वर्षांपूर्वी कळले. आमच्या घरी गाडी हे चालवीत. मी कधी शिकले नाही. त्यांना काचबिंदूचे निदान झाले आणि गाडीची किल्ली खुंटीवर गेली. मुलगा परगावी. तेव्हापासून घरातील प्रत्येक कामाला एक प्रश्न चिकटला : कोण नेईल? शेजारचा मुलगा मोकळा आहे का, रिक्षावाला एवढ्या जवळच्या भाड्याला तयार होईल का. चाळीस वर्षे ज्या गावात मी राहिले त्या गावात दीड किलोमीटरवरच्या बँकेत जाण्यासाठी मी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहत बसू लागले. अशा स्थितीत आपल्या मंडळातील किती भगिनी आहेत, हे मी येथे लिहीत नाही. ज्या त्या मनाशी जाणतात.

नोव्हेंबर महिना आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो घरबसल्याही देता येतो, पण माझे बोटांचे ठसे त्या यंत्राला पटत नाहीत. भांडी घासून ते झिजले असावेत. मी सकाळी साडेनऊ वाजता पिशवी घेतली, छत्री घेतली आणि चालू लागले. बँकेत पोचण्यास बावीस मिनिटे लागली. पदपथावरून रस्त्यावर किती वेळा उतरावे लागले, ते मोजले : सात वेळा. दोनदा स्कूटरी उभ्या होत्या, एकदा विजेची पेटी, एकदा खणून ठेवलेला खड्डा, आणि तीन ठिकाणी फरशाच निघालेल्या. यातील एका ठिकाणी मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा एवढ्या जवळ वाजला की मी झाडाला हात टेकून उभी राहिले.

परंतु त्याच वाटेवर आणखीही काही मोजले. गिरणी अजून आहे आणि गिरणीवाल्याचा नातू गल्ल्यावर बसतो. आम्ही आलो तेव्हा कंबरेएवढी असलेली झाडे आता तिसऱ्या मजल्याला टेकली आहेत. चाळीस वर्षांपूर्वी जिला सावली नव्हती त्या वाटेवर मी बहुतेक सावलीतून चालले. आणि बँकेच्या अलीकडच्या इमारतीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक जुनी मैत्रीण उभी होती. दळणाच्या रांगेतली. तिचे घर आमच्या घरापासून हजार-बाराशे पावलांवर. परंतु दोन वर्षांत आमची भेट नव्हती. गाडीतून जाताना गॅलरी दिसत नाही. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी चालावयास सांगितले आहे, असे ती म्हणाली. पण फाटकाबाहेर पडले तर पाय कोठे ठेवू? सहा महिने ती घराच्या खोल्यांतून आणि गॅलरीतून फेऱ्या घालीत होती. गुडघा बरा झाला होता. रस्ता आजारी होता.

आता दर मंगळवारी आम्ही दोघी मिळून एखादे काम पायी करतो. काम नसेल तर काढतो. ती रस्त्याच्या आतल्या बाजूने, मी बाहेरच्या. कधी पोस्टात, कधी वाचनालयात, कधी विष्णुदास भावे नाट्यगृहात पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तिकिटे पाहण्यास. परत येताना जुहूगावाच्या गल्लीतून येतो. तेथील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार सहसा शिरत नाही. म्हणून ओट्यावर बसलेल्या बायका, खेळणारी मुले, वाटाणे सोलणारी आजी अजून तेथे दिसतात. आपल्या नगररचनाकारांनी जे कागदावर आखले ते त्या जुन्या गावांत मुळातच होते, असे मला तेथून जाताना वाटते.

बाहेरचे जग आता याच दिशेने विचार करू लागले आहे. पॅरिसच्या महापौर असताना आन इदाल्गो यांनी २०२० मध्ये 'पंधरा मिनिटांचे शहर' ही कल्पना आपल्या कार्यक्रमात घेतली. शाळा, दवाखाना, दुकान, बाग सारे घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर किंवा सायकलीवर असावे, असा तिचा अर्थ. स्पेनमधील पोंतेवेद्रा या लहान शहराने १९९९ पासूनच आपल्या मध्यवस्तीतून मोटारी बाहेर काढण्यास आरंभ केला. ही वार्ता वाचून माझ्या मनात आले की त्यांना जुनी शहरे मोडूनजोडून जे साधावे लागत आहे त्याचा आराखडा आपल्याला घर मिळाले तेव्हा घरासोबतच मिळाला होता. दुकान जवळ आहे. शाळा जवळ आहे. झाडे वाढली आहेत. हरवला आहे तो मधला सहा फुटांचा पट्टा.

सहा फूट हे मी अंदाजाने म्हणत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेविषयक संस्थेने पादचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे ठरविली आहेत, त्यांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १·८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट असावी, असे म्हटले आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून, म्हणजे आपल्या वितीहूनही कमी अशा मापाहून, अधिक नसावी, असेही त्यांत आहे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चालण्याजोगे पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. अपंगांनाही ते वापरता आले पाहिजेत आणि त्यांवरील अतिक्रमणे दूर झाली पाहिजेत. ज्या वाटेवर सावित्रीबाईंनी चिखल झेलला त्या वाटेचा हक्क आज देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केला आहे. एवढे झाल्यावरही आपण गॅलरीत उभ्या राहिलो, तर दोष कोणाचा, याची चर्चा करीत बसण्यात अर्थ नाही.

माझे म्हणणे कोणी ताणू नये. गॅसचे सिलिंडर खांद्यावरून आणा, असे मी सांगत नाही. मे महिन्याच्या उन्हात, जुलैच्या झडीत, ताप आलेले मूल घेऊन कोणी चालत जाऊ नये. ज्यांच्या हाती स्कूटर आहे त्यांनी ती सुखाने चालवावी. तिच्यामुळे पुष्कळींचा संसार आणि नोकरी यांची गाठ बसली आहे. परंतु आज ज्या पस्तिशीत आहेत त्याही पंचाहत्तरीला येणार आहेत. किल्ली आज ना उद्या प्रत्येकीच्या खुंटीवर जाणार आहे. त्या दिवशी पाय चालत असतील आणि वाट नसेल, असे होऊ नये.

म्हणून मंडळापुढे एक सूचना मांडते. वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपण मंडळाच्या दारातून निघावे आणि बँक, पोस्ट, दवाखाना, बाजार या चार ठिकाणी पायी जाऊन यावे. शिंपणकामाची टेप दोघींनी आणावी, वही एकीने. रुंदी कोठे किती, उंची कोठे किती, कोठे खाली उतरावे लागले, कोणत्या खांबावर दिवा नाही, हे सारे तारीखवार लिहून त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी, दुसरी मंडळाच्या दप्तरी ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच रविवारी तीच वही घेऊन तीच वाट पुन्हा मोजावी. ज्यांना सारी वाट चालवणार नाही त्यांनी आपल्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंतच यावे. तेवढीही नोंद हवी आहे.

येताना प्रत्येकीने पिशवी आणावी. परतताना भाजी घ्यावयाची आहे.